शेऱ्याचा रकाना

कायद्याला दोनच गोष्टी कळतात:
रस्त्यावरून जाते ती ट्राम,
रस्ता सोडून जाते ती रेल्वे.
मधलं सगळं आमच्या गळ्यात.
तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल, मी,
आणि निशियोरीसान, ज्यांना जेवणानंतर डुलकी लागते.

देशभर शहरांतून हिंडणाऱ्या या लहान गाड्या
वर्ग पाडून एका नोंदवहीत आणायच्या.
सोपं काम आहे, साहेब म्हणाले.
साहेब मोटारीने येतात.

हिरोशिमात एक गाडी निघते भर रस्त्यातून,
सिग्नलला थांबते सायकलवाल्यांच्या खांद्याशी,
मग एका स्टेशनात शिरते
आणि पलीकडून बाहेर पडते रेल्वे होऊन.
तीच गाडी, तेच डबे.
बाकावर पेंगणाऱ्या बाईला पत्ताही नाही
की झोपेत तिने कायदा ओलांडला.

ओसाकात जमिनीखाली, अंधारातून
दहा डब्यांचं धूड धडधडत जातं,
कागदोपत्री ती ट्राम.
कामाकुराच्या पुढे, समुद्राकाठी,
एक गाडी मोटारींना बाजूला सारत
दुकानांच्या पायऱ्यांना घासून जाते,
कागदोपत्री ती रेल्वे.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
मी दोन्हीकडे पेन्सिलीने लिहिलं
आणि खोडरबर जवळ ठेवला.

साप्पोरोची एक गाडी तर नुसती बांबूच्या खराट्यांची.
हिवाळ्यात पहाटे, शहर झोपेत असताना,
रुळांवरचं बर्फ झाडत जाते.
प्रवासी: निरंक.
हिला गाडी म्हणावं की झाडू?
निशियोरीसान डोळे न उघडता म्हणाले,
"झाडू. पण रुळावरचा."

बंद झालेल्या लाल शाईत.
लाल शाई ऑगस्टमध्येच संपली.
नवी मागवायला जो अर्ज असतो
त्यात कारण लिहावं लागतं.

कोची मी शेवटासाठी राखून ठेवलं होतं.
त्याची फाईल उघडायची गरज नव्हती.
रुळांची रुंदी एक हजार सदुसष्ट मिलिमीटर,
वेग ताशी चाळीस, त्याहून जास्त नाही,
पूर्वेच्या शेवटच्या गावाचं नाव गोमेन.
आमच्या भाषेत ऐकायला तेच, जे आपण
कुणाच्या पायावर पाय पडला की म्हणतो:
माफ कर.
गाडीच्या कपाळावर ठळक अक्षरांत तेवढंच.
पाहुणे हसतात, फोटो काढतात.

माझे वडील, तोराओ कुसुनोसे,
एकतीस वर्षं ती गाडी चालवत होते.
घरात तो शब्द त्यांनी कधी काढला नाही.
किटली भिंतीवर आपटली त्या रात्री नाही,
भावाने दार ओढून घेतलं
आणि अकरा वर्षं परत उघडलं नाही, तेव्हाही नाही.
सकाळी उठून, पांढरे हातमोजे चढवून,
टोपी दोनदा सरळ करून
ते तो शब्द गावभर घेऊन जायचे,
दर थांब्यावर दार उघडायचे,
घंटा वाजवून पुढे.

आई बाजारातून येताना थांब्यावर उभी राहायची.
घर चालत दहा मिनिटं, पिशवी हलकी,
एक मुळा, टोफू, फार तर मासा.
मी एकदा विचारलं, कशाला पैसे घालवतेस?
म्हणाली, "समोरून येताना बघायला बरी वाटते."
मग पुढच्या दाराने उतरायची,
पेटीत सुटे पैसे मोजून टाकायची,
आणि दोघं एकमेकांकडे न बघता
मान लववायची,
जशी कुठलाही चालक, कुठलाही प्रवासी लववतो.

वर्ग: ट्राम. इथे पेन्सिल नको, पेन.
स्थिती: चालू.
शेऱ्याच्या रकान्याशी मी थांबले.
निशियोरीसान जागे झाले, चष्मा शोधत म्हणाले,
"निरंक लिहा आणि चला, साडेपाच वाजले."

मी लिहिलं:
परतीच्या फेरीत पाटी बदलते.